काकींचा तारवाला

"काहीतरी बोल," असं म्हणून त्या दारातच उभ्या राहिल्या.

मी महाडात खोली शोधत होते. पोलादपूरच्या एका शाळेत मला नोकरी लागली होती, पण तिथं मनासारखी जागा मिळेना. म्हणून महाडला राहायचं आणि एसटीनं जाऊन-येऊन करायचं असं ठरवलं. बाजारपेठेमागच्या गल्लीत एका बाईंची माडी रिकामी असल्याचं कळलं. सांगणाऱ्यानं हेही सांगितलं, की बाई विक्षिप्त आहेत. खोली बघायला आलेल्या माणसाला आधी बोलायला लावतात आणि बहुतेकांना परत पाठवतात. नोकरी काय, लग्न झालंय का, पाहुणे किती येतात, यातलं काहीच विचारत नाहीत.

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, शाळेत इतिहास शिकवते म्हणून सांगितलं. माझा आवाज जाड आहे. लहानपणापासून तसाच. शाळेत मुली मला 'बुवा' म्हणायच्या. फोनवर लोक अजूनही 'हां सर, बोला' म्हणतात. समूहगीताच्या वेळी गाण्याच्या बाई मला मागच्या रांगेत उभं करायच्या आणि नुसते ओठ हलवायला सांगायच्या. त्यामुळे अनोळखी माणसापुढं मी हळू आणि थोडंच बोलते. त्या दिवशीही तसंच बोलले.

बाई माझ्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. "परत बोल," म्हणाल्या. "जरा पोटातनं बोल."

मी पोटातून बोलले. त्यांनी मान हलवली आणि कमरेला खोचलेली किल्ली काढली.

"चांगला हाय आवाज. रहा."

माझ्या आवाजाला कोणी चांगला म्हणण्याची ती पहिलीच वेळ. त्या आनंदात मी खोली नीट बघितलीसुद्धा नाही.

गल्ली त्यांना काकी म्हणायची, मीही म्हणू लागले. उंच, सडसडीत बाई. चालताना मान ताठ. माहेर कुडपणचं, वर पठारावरचं, सासर तुडीलचं. नवऱ्यानं गावची भातशेती सांभाळून महाडात हे घर बांधलं होतं. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेती दिराकडे होती आणि एकुलती एक मुलगी लग्न होऊन कळव्याला. काकी खाली एकट्या राहायच्या. वर मी.

गल्लीत त्यांना गर्विष्ठ समजत. मागून कोणी हाक मारली तर त्या वळून बघत नसत. शेजारच्या बाईनं कट्ट्यावरून कितीही गप्पा मारल्या तरी काकी समोर येऊन उभ्या राहिल्याशिवाय उत्तर देत नसत. घरात बसायच्या त्या नेहमी दाराकडे तोंड करून. एक चांगला दूधवाला त्यांनी बंद केला, कारण काय, तर "बारीक बोलतो." वीज गेली की म्हणायच्या, "आता गप बस. दिवा आल्यावर बोलू." मला ते आधी गमतीचं वाटायचं. अंधारात बोलायला काय हरकत आहे, हे मी एकदा विचारलंही. त्यांनी उत्तर दिलं नाही. अंधारच होता.

मुलीचा फोन यायचा तेव्हा त्या कानाला लावून उभ्या राहायच्या आणि थोड्या थोड्या वेळानं म्हणायच्या, "हां. बरं हाय. जेवले. तू जेवलीस? ठेव." रोज तेच, त्याच क्रमानं. पलीकडून मुलगी काय सांगत असेल, याचा त्या उत्तरांशी काही संबंध नसावा असं वाटायचं. एवढ्या कोरड्या आईची मला थोडी भीतीच वाटायची.

आणि तरी रोज संध्याकाळी हीच बाई माझ्या माडीवर येऊन जे करायची, ते मी आयुष्यात दुसरीकडे कुठंही बघितलेलं नाही.

खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती. माडीवर त्यांचा एक डेक होता. तो तिथंच राहणार आणि रोज संध्याकाळी त्या वर येऊन ऐकणार. "तुझं काम असलं तर कर. मी मधे बोलणार नाय." मला वाटलं, भजनं असतील, फार तर जुनी नाट्यगीतं.

डेक म्हणजे एक जुना सीडी प्लेअर, दोन लहान स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा एक मोठा काळा खोका. खोक्यातून फक्त जाड आवाज यायचे. माझ्याआधीचा भाडेकरू एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इंजिनियर होता, दक्षिणेकडचा. आखातात नोकरी लागली तेव्हा तो हे सगळं काकींना देऊन गेला. सीडीचा कप्पा आतून अडकला होता. तो उघडायचाच नाही, त्यामुळे आत जी सीडी होती तीच वाजायची. दुरुस्तीला नेऊ का, असं मी विचारलं तर काकी म्हणाल्या, "कशाला? पाहिजे तीच अडकलीय."

सीडीचं वेष्टण भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं. त्यावर टोपी घातलेला, मान खाली घातलेला एक माणूस होता. मांडीवर लांब दांड्याची गिटार, तिला चार जाड तारा. मागच्या बाजूच्या बारीक इंग्रजीवरून मला एवढं कळलं, की या संगीताला जॅझ-फंक म्हणतात आणि ज्याच्या नावावर ही सीडी आहे, तो बेस गिटार वाजवतो. काकी त्याला तारवाला म्हणायच्या.

तारवाला त्यांना कसा भेटला, ते त्यांनीच सांगितलं. नवरा गेल्यावर घर मुकं झालं होतं. एका दुपारी त्या खाली तांदूळ निवडत होत्या आणि वरून कोणी बोलतंय असं त्यांना वाटलं. पुरुषाचा आवाज. जाड, थांबून थांबून काहीतरी समजावून सांगणारा. इंजिनियरला खोली एकट्याला दिली होती, त्यानं न विचारता पाहुणा आणला म्हणून त्या भांडायलाच वर गेल्या. खोलीत तो पोरगा एकटाच पुस्तक वाचत पडला होता, आणि हा खोका.

"मी त्याला म्हटलं, कोण बोलतोय हा? तो म्हणला, काकी, हे बोलणं नाय, वाजवणं हाय. मी म्हटलं, तुला कळत नाय. हा बोलतोय."

त्या दिवसापासून त्या रोज वर येऊ लागल्या.

पहिल्या संध्याकाळी मला ते संगीत आवडलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यात काही सापडलंच नाही. गाणारं कोणी नाही, शब्द नाहीत, एक चाल धरावी तर ती हातातून सुटून दुसरीकडे जाते. ट्रम्पेट मधेच ओरडतो, झांजा सळसळतात, इलेक्ट्रिक पियानो काचेच्या गोट्या सांडल्यासारखा वाजतो. मी वह्या तपासत बसले. काकी मात्र माडीच्या लाकडी फळ्यांवर पाय पसरून, पाठ कपाटाला टेकून बसल्या होत्या. दोन्ही तळवे जमिनीवर. डोळे उघडे, पण कशाकडेही न बघणारे. मधेच त्या हसल्या. कोणीतरी ओळखीचं माणूस गमतीचं बोलल्यावर आपण हसतो तसं. थोड्या वेळानं कपाळाला आठ्या पडल्या आणि त्या पुटपुटल्या, "नको रे, आता नको सोडू." मग सुटलेला श्वास. मी लाल पेन खाली ठेवून त्यांच्याकडेच बघत राहिले.

त्यांनी प्रत्येक तुकड्याला नाव दिलं होतं. पहिला 'बाजार', कारण तारवाला तिथं घाईत असतो आणि चार जणांशी एकदम बोलतो. एक संथ होता, त्याचं नाव 'रुसवा'. आणि सगळ्यांत लांब, सगळ्यांत लाडका, तो 'घाट'.

काही दिवसांनी त्या म्हणाल्या, "तू वरवर ऐकतेस गो. हतं ये."

त्यांनी मला शेजारी बसवलं आणि माझा तळवा फळ्यांवर दाबून धरला. "वरचं सगळं जाऊ दे. खाली कोण हाय ते बघ."

मी डोळे मिटले. आधी ट्रम्पेट बाजूला सारावा लागला, मग पियानो, मग झांजा. जत्रेत आपलं माणूस शोधताना पुढची डोकी चुकवत जावं लागतं, तसं. आणि मग तळाशी तो सापडला. अंगठ्यानं तारेवर मारलेला ठोका, लगेच बोटानं उपटल्यासारखी सोडलेली दुसरी तार, आणि मधे रिकामी जागा. त्या रिकाम्या जागेत तो वाजवत नव्हता आणि तरी तिथं तोच होता. पुढचा सूर येणार, येणार, असं वाटायला लावून तो किंचित उशीर करायचा. एवढासाच उशीर. तेवढ्यात माझा श्वास अडकायचा, आणि मग सूर यायचा तो तळव्यातून दंडात चढायचा.

मग मला कळलं, की ट्रम्पेट ओरडत नव्हता. तो याला काहीतरी विचारत होता. पियानो याच्या शब्दाला मान डोलावत होता. सगळे याच्या पावलाकडे बघून पाऊल टाकत होते. एरवी या वाद्याचं काम मागं उभं राहायचं असतं, घराच्या जोत्यासारखं. जोतं बघायला कोणी येत नाही. इथं जोतंच उठून अंगणात आलं होतं आणि बाकीचं घर त्याच्यामागून चाललं होतं.

माझ्या अंगावर काटा आला. समूहगीतातली माझी मागची रांग मला आठवली. त्या रांगेतलं कोणीतरी पुढं आलं होतं आणि आवाज जराही बारीक न करता गात होतं. मी डोळे उघडले तेव्हा काकी माझ्याकडे बघत होत्या.

"भेटला?"

"भेटला."

"मग आता तो तुला सोडणार नाय," त्या म्हणाल्या आणि खाली भात लावायला गेल्या.

त्या शिमग्याला त्यांनी मला कुडपणला नेलं. देवळासमोर ढोल वाजत होता आणि काकी ढोलवाल्याच्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या, की त्याला हात उगारायला जागा राहीना. बायका कुजबुजायला लागल्या. त्यांना त्याचं काही नव्हतं. परत येताना गाडीत म्हणाल्या, "लहानपणापासनं ढोल मला आवडतो. पण ढोलवाला हाळी घालतो. तारवाला घरात येऊन बसतो."

गाडीतसुद्धा त्यांची जागा ठरलेली, मागच्या चाकावरची. तिथं इतकं हादरतं की कोणी बसत नाही. काकी तिथं सुखानं बसायच्या आणि चालकानं गिअर टाकला की मान हलवायच्या.

एका रविवारी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. "चल. घाट दाखवते."

आम्ही पोलादपूरहून महाबळेश्वरची गाडी धरली. आंबेनळी घाट मी आधीही बघितला होता, खिडकीतून, दरीकडे बघत. काकींनी मला खिडकीबाहेर बघूच दिलं नाही. पायातल्या चपला काढायला लावल्या आणि पाय पत्र्यावर टेकवून बसवलं. गाडी चढू लागली. इंजिनाचा आवाज खाली खाली गेला, वळणावर जवळजवळ थांबला, आणि गिअर बदलल्यावर पुन्हा दमानं उठला. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "हतं. बघ आता. हतं तो थांबतो." गाडी थांबल्यासारखी झाली. माझ्या डोक्यात तो तुकडा सुरू झाला होता आणि त्यातला तो उशीर, तो श्वास अडकवणारा उशीर, बरोबर त्या वळणावर आला. पुढच्या वळणावर पुन्हा. कुठल्या दूरच्या देशातला टोपी घातलेला माणूस, आंबेनळी त्याच्या स्वप्नातही आला नसेल. पण ओझं घेऊन चढणाऱ्याला किती दम लागतो आणि कुठं थांबावं लागतं, हे त्याला पुरतं माहीत होतं.

महाबळेश्वरच्या स्टँडवर आम्ही चहा प्यायलो. मी म्हटलं, "आलोच आहोत तर एखादा पॉइंट बघू."

"पॉइंट कसला? उतरायचं राहिलंय अजून."

आणि आलेल्या पहिल्याच गाडीनं आम्ही परत निघालो. उतरताना चालक इंजिन आवरून धरतो, ते वेगळंच होतं. तुकड्याचा शेवटही तसाच आहे. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं.

त्याच संध्याकाळी आम्ही 'घाट' लावला. मी भारावून गेले होते. तुकडा संपल्यावर म्हणाले, "काकी, मला वाटतं चढ संपल्यावर तो ट्रम्पेट येतो ना, तो म्हणजे वरचा वारा."

"काय येतो?"

"ट्रम्पेट. मोठ्या पिपाणीसारखा."

काकींनी माझ्याकडे रोखून बघितलं. "ह्यात पिपाणी नाय."

मला वाटलं, थट्टा करतायत. मी तुकडा परत लावला आणि तो भाग आला तेव्हा बोट वर केलं. "हा. आता. हा बघा." काकी माझ्या बोटाकडे बघत होत्या, मग तोंडाकडे, मग स्पीकरकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. तुकडा संपेपर्यंत माझं बोट तसंच वर राहिलं होतं, कारण ट्रम्पेट शेवटपर्यंत होता.

"सगळीकडं हाय तो?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ."

त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, परत येऊन माझ्यासमोर बसल्या. मग म्हणाल्या, "मला बारीक ऐकू येत नाय, बाय. तरणी होते तेव्हापासनं."

मुलगी झाल्यावर त्या खूप आजारी पडल्या होत्या. पुष्कळ दिवस इंजेक्शनं चालली. जीव वाचला, पण उठून बसल्या तेव्हा चिमण्या गेल्या होत्या, पैंजण गेले होते, बायकांची बोलणी धुक्यात गेली होती. उरले ते जाड आवाज: नवऱ्याचा, ढोलाचा, गाडीचा, पुराच्या पाण्याचा. नवऱ्याला माहीत होतं. त्यानं ते कोणाला कळू दिलं नाही. पाहुण्यांत तो शेजारी बसायचा आणि लोकांचं बोलणं आपल्या जाड आवाजात सहज बोलल्यासारखं पुन्हा सांगायचा. तो गेल्यावर काकी लोकांचे ओठ वाचून भागवू लागल्या.

"सांगितलं का नाही कोणाला?"

"बहिरी म्हटलं की माणसं मोठ्यानं बोलतात. मग थोडं बोलतात. मग बोलायचीच थांबतात. माझ्या आजेसासूचं बघितलंय मी. त्यापरीस गर्विष्ठ बरी."

मग भिंतीवरच्या वेष्टणाकडे बघून म्हणाल्या, "ह्यात शब्दच नायत. कुणालाच काय कळायचं नसतं. म्हणून मी हतं कुणाच्या मागं नाय, असं वाटायचं."

या बाईनं त्या संगीताचा अर्धा भाग ऐकलाच नव्हता, आणि जो ऐकला तो इतका ऐकला होता, की बाकीचा मला तिच्यामुळे कळला. त्या रोज जमिनीवर बसून कुठं जात होत्या, याची मला तेव्हा थोडीशी कल्पना आली. त्यांनी कोणाला न सांगण्याचं वचन घेतलं. मी दिलं.

त्यानंतरही त्या रोज वर येत राहिल्या. फक्त कधीकधी मधेच मला विचारायच्या, "आता हाय का तो पिपाणीवाला?" मी मान हलवली की काकी त्याला जागा दिल्यासारख्या थोड्या सरकून बसायच्या.

गणपतीत मुलगी आली. चाळिशीची, कामसू, चेहरा आईचा. आवाज मात्र अगदी बारीक, वरच्या पट्टीतला. तो ऐकला आणि काकींची फोनवरची ती ठरलेली उत्तरं मला आठवली.

आईनं कळव्याला राहायला यावं म्हणून ती आली होती. सगळा दिवस आईच्या मागं मागं बोलत होती. संध्याकाळी मी काहीतरी मागायला खाली गेले तर काकी विळीवर नारळ खवत होत्या, भिंतीकडे तोंड करून. मुलगी मागं उभी होती.

"आई, मी काय विचारतेय? इथल्या पुराचं टेन्शन मला तिकडे असतं. झोप लागत नाही. एकदा हो म्हण नाहीतर नाही म्हण." खवण्याचा आवाज चालूच. "लहानपणापासून हेच. मी पडले, रडले, हाका मारल्या, तू वळून नाही बघितलंस. बाबा धावत यायचे. फोनवर सुद्धा तू माझं ऐकत नाहीस. मला वाटायचं, मी तुला नकोच होते."

काकी नारळ फिरवून दुसऱ्या बाजूनं खवू लागल्या.

मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि डोळे पुसले. मी दारात उभी होते. मी वचन दिलं होतं. पण तिथून निघूनही जाता येईना. मी आत गेले आणि काकींच्या समोर, भिंतीच्या बाजूनं बसले.

"काकी, ती बोलतेय. तुमच्या मागं उभी आहे."

त्यांचा हात थांबला. "काय बोलतेय?"

मी माझ्या जाड आवाजात, जसंच्या तसं, सांगितलं. पडल्याचं, हाकांचं, बाबांचं. मग शेवटचं वाक्य. "म्हणते, तिला वाटायचं ती तुम्हाला नको होती."

काकींनी विळी मिटली. हात पदराला पुसले. मग बसल्या जागी वळल्या आणि मुलीकडे मान वर करून बघितलं.

"मला तुझा आवाज ऐकू येत नाय," त्या म्हणाल्या. "कधीच आला नाय."

मुलीला कळलं नाही. "म्हणजे?"

"तू एवढीशी होतीस तेव्हा कान गेला. बारीक सगळं गेलं. तू बाजूला निजून रडलीस तर कळायचं नाय, म्हणून तुला छातीवर निजवायचे. रडलीस की माझी छाती हलायची, मग मी उठायचे. चालायला लागलीस आणि मग काय करणार? तुला बांधून ठेवणार? तुझा बाप धावायचा. मी तुझ्या तोंडाकडं बघत बसायचे. तू पाठ फिरवलीस की तू गेलीस."

मुलगी खाली बसली. मी उठून वर आले.

दुसऱ्या दिवशी काकी वर आल्या तेव्हा मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच ते बंद केलं आणि डेक लावला.

गौरीगणपती झाल्यावर मुलगी त्यांना मुंबईला घेऊन गेली. तपासण्या झाल्या, कानाची यंत्रं बसवली. परत आल्या त्या वैतागून. नळ सुरीसारखा वाजतो, कागदी पिशवी किंचाळते, गल्लीतली पोरं कानात घुसतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सवय व्हायला वेळ लागेल, आणि सगळं पहिल्यासारखं कधीच होणार नाही. त्या यंत्रं काढून डब्यात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हट्टानं लावायच्या. त्या दिवसांत त्या माडीवर आल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "अजून नाय. आधी कान जागेवर येऊ दे."

दिवाळीला मुलगी आली तेव्हा एका दुपारी त्या तिला घेऊन वर आल्या. यंत्रं कानात होती. नेहमीच्या जागी बसल्या, पाठ कपाटाला, तळवे जमिनीवर. मुलगी माझ्या खाटेच्या कडेला बसली. "लाव," मला म्हणाल्या. "घाट लाव."

मी लावला. सुरुवातीला तारवाला एकटाच असतो, तोवर काकी शांत होत्या. मग पियानो आला आणि त्या दचकल्या. मग झांजा. त्यांनी तळवे उचलले आणि मांडीवर घेतले. ट्रम्पेट आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोट वर केलं नाही, मान हलवली. त्यांनीही हळूच हलवली. पुढचा सगळा वेळ त्यांची नजर खोलीभर फिरत होती. दार उघडून एकेक माणूस आत येतंय आणि त्या प्रत्येकाला बघून घेतायत, असं. मला भीती वाटत होती, की त्यांचा तारवाला या गर्दीत हरवेल. इतक्या वर्षांचं त्यांचं एवढंच होतं, आणि तेही आम्ही काढून घेतलं असेल तर?

तुकडा संपला. मी पुढचा सुरू होण्याआधी बंद केला.

काकी कितीतरी वेळ वेष्टणावरच्या त्या मान खाली घातलेल्या माणसाकडे बघत होत्या.

"एवढी माणसं होती ह्याच्यासंगती," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, एकटाच हाय."

मग त्यांनी यंत्रावर बोट ठेवून ते नीट बसवलं आणि मुलीकडे वळल्या.

"आता तू बोल."

"काय बोलू?"

"पहिल्यापासनं बोल."

मुलगी हसली, मग रडली, मग बोलायला लागली ती शाळेतल्या कुठल्याशा बक्षिसापासून, जे ती धावत घरी घेऊन आली होती आणि दाखवायचं राहून गेलं होतं. भराभर बोलत होती. कोणीतरी मधेच थांबवेल अशी सवय असल्यासारखी. मी चहा करायला उठले. काकींची नजर तिच्या ओठांवर नव्हती. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"सावकाश, बाय," त्या म्हणाल्या. "मी हाय हतंच."